विहिरीचा नाडा

“महिन्यातून एकदा,” वीरप्पा म्हणाले. “अवसेला काम बंदच असतंय. तवा नाडा काढा, उन्हात पसरा, काय बघायचं ते बघा.”

“रोज,” व्यंकट म्हणाला.

वीरप्पा नुकतेच पूजेवरून उठून ओसरीवर आले होते. व्यंकट समोर अंगणात उभा होता आणि दोनदा सांगूनही बसत नव्हता. ईट गावाच्या वेशीबाहेर वीरप्पा गावासाठी विहीर खोदून घेत होते. व्यंकट हा त्या खोदणाऱ्या टोळीचा मुकादम. अंबाडीच्या जाड दोराला, म्हणजे नाड्याला, एक फळी बांधलेली होती. रोज सकाळी त्या फळीवर बसून एकेक माणूस तीस हात खोल उतरायचा. पहिला व्यंकट. नाडा तुटला तर खाली नुसता काळा खडक होता.

पण तो नाडा तपासायचा म्हणजे सोपं काम नव्हतं. विहिरीवरच्या चाकावरून उतरवायचा, हातभर हातभर तळव्यातून सोडायचा, पीळ उकलून आतलं सूत बघायचं. निम्मी सकाळ त्यातच जाणार. आणि मिरगाच्या पावसाला उरले होते चाळीस दिवस. सुरुंगाच्या दारूचा परवाना मिळवण्यात सगळा हिवाळा गेला होता. सरकारी उर्दू कागद या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले आणि मागोमाग वीरप्पाही फिरले. आता मिरगाआधी पाणी लागलं नाही, तर गावातल्या बाया आणखी एक वर्ष ओढ्यातल्या झऱ्यावर वाटी वाटीनं घागर भरत बसणार होत्या.

“बरं, पंधरा दिसांनी,” वीरप्पा म्हणाले.

“दिवसाआड,” व्यंकट म्हणाला.

“आठ दिसांनी. आता ह्याच्या खाली म्या यायचो न्हाय.”

कापड विकता विकता वीरप्पांचे केस पांढरे झाले होते. घासाघीस कुठं थांबते हे त्यांना गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून कळायचं. व्यंकटचा चेहरा थांबला होता.

“चवथ्या दिशी तुटला तर आठव्या दिशी काय बघायचं, मालक?”

वीरप्पांना राग आला नाही. या माणसावर त्यांचा जीव होता. घरातून रोज टोळीसाठी शेंगाची चटणी जायची, आणि व्यंकटच्या वाट्याची जरा तिखट करायला ते स्वतः सांगायचे. त्यांना नवल मात्र वाटत होतं.

“बावीस इहिरी खोदल्यास तू. आजवर कवा नाड्याकडं मान वर करून बघितलं न्हाईस. आताच काय झालं? कुणी भरवलं डोक्यात?”

व्यंकटनं उगाच पागोटं सारखं केलं. “कुणी न्हाय. रोज बघाया पायजे, एवढंच.”

“आन म्या न्हाय म्हनलो तर?”

“तर माझी माणसं उतरायची न्हाईत.” हे त्यानं इतकं हळू सांगितलं, की त्याला ते सांगायचं जिवावर आलं होतं हे वीरप्पांना कळलं.

वीरप्पांनी मग शेवटचा उपाय काढला. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी त्यांनी सदऱ्यातून बाहेर घेतली आणि तिचा दोरा दोन बोटांवर धरला.

“ह्यो बघ. लग्नात घातलेला दोरा. माझा सगळा जीव ह्याच्यावर लटकलाय. एकदाबी तुटला न्हाय, आन म्या तो एकदाबी तपासला न्हाय. वर बघणारा बसलाय, व्यंकट. भरवसा ठेव.”

शरणम्मा ताकाचा तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या होत्या. नवऱ्याचं बोलणं चालू असताना त्या कधी मध्ये पडत नसत. पण तीस हात खोलीचा विचार त्यांच्याही मनात आला असावा.

“कसा तुटंल?” त्या म्हणाल्या. “पूजेला बसून तुमची नजर लिंगावर लागली, की घर पेटलं तरी तुमाला कळायचं न्हाय. डबी बाजूला पडलेली असती. तवा म्या दोरा चाचपते. विरला असंल तिथं नवं सूत घालून वळते.”

“कवा कवा?”

“रोज.”

“तीस वर्सं?”

“बत्तीस,” शरणम्मा म्हणाल्या आणि ताकाचा तांब्या व्यंकटपुढं ठेवला.

वीरप्पांनी दोरा डोळ्यांजवळ नेला. एका जागी सूत खरंच पांढरं होतं, कालपरवाचं. त्यांना भरून आलं आणि थोडी लाजही वाटली. देवावरचा त्यांचा भरवसा तसूभरही कमी झाला नाही, फक्त त्यात आज एक वाटेकरी निघाला. त्यांनी डबी पुन्हा आत सरकवली, घसा साफ केला.

“रोज,” ते म्हणाले. “पण सकाळी न्हाय. माणसं वर आली की, दिस मावळायच्या आत. आन तुमी न्हाय बघायचा. थकल्या डोळ्यांना काय दिसतंय? तुझ्या बायकूला, हरणाबाईला बघू दे, टोळीतल्या समद्या बाया घेऊन. कामाचा खोळंबाबी व्हायचा न्हाय.”

व्यंकट पहिल्यांदा हसला. मग जोत्याच्या पायरीवर टेकला आणि तांब्या हातात घेतला.

“काठावर पडलेला नाडा ती रोज बघतीच की, मालक. चाकावरचाबी उतरवून पायजे म्हनं. तेवढं कबूल करून घेतल्याबिगर पालात पाऊल टाकू नगं, असं सांगून तिनंच तर धाडलंय मला.”