दाईची पोर

टस्कनीतल्या त्या डोंगरावरच्या गावाची दगडी वेस समोर दिसत होती, पण शेवटचा चढ बारा टक्क्यांचा होता आणि हेमलताच्या मांड्या थरथरत होत्या. मागून मदतीची गाडी संथपणे येत होती. पुढच्या वळणावर सायकल गाडीत टाकायची, हे तिनं मनाशी ठरवलं.

"आई, तीनशे मीटर राहिलेत फक्त!" शेजारून लेक ओरडली.

"तुझे मीटर तुझ्यापाशी ठेव. साठ वर्षांची झाले मी."

तेवढ्यात वेशीपाशी शेंगा सोलत बसलेल्या म्हाताऱ्या हात उंचावून ओरडू लागल्या, "दाई! दाई!"

हेमलतानं करकचून ब्रेक दाबला. शाळेत पोरी तिला 'दाईची पोर' म्हणून चिडवायच्या. तेव्हापासून आपली आई काय करायची हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलासुद्धा नाही. मग या बायकांना कसं कळलं?

लेक हसत सुटली. "अगं, थांबलीस काय? इटालियनमध्ये 'दाई' म्हणजे 'चल, हो पुढे'!"

कुणाची बाळंतपणाची वेळ आली की अंगणातून येणारी 'दाई!' ही हाक हेमलताला आठवली. हाक आली की भरल्या ताटावरून उठून, काष्टा खोचून सायकलवर टांग टाकणारी आई आठवली.

"आमच्याकडेही तोच अर्थ होता," ती म्हणाली. "तुझी आजी दाई होती. बाकीचं वर पोचल्यावर सांगते."

तिनं सायकल चढाला तिरकी लावली आणि पेडल दाबलं.