पुढच्या माणसाची गोळी

"बंदूक उघडून दाखवा, जी," दसरू म्हणाला.

नरभक्षक बिबट्या समोरच्या नाल्यात शिरला होता. माग काढणारा दसरू नेहमीसारखा पुढे चालणार आणि परवाना घेऊन आलेला साहेब मागून येणार. बिबट्या नुसता जखमी झाला, तर उडी दसरूवरच पडणार.

साहेबाने हसत रायफलचा बोल्ट ओढला. वरचं काडतूस मऊ शिशाच्या टोकाचं होतं, अंगात फुटून जनावर जागीच पाडणारं. दसरूने बाकीचीही काढायला लावली. खालची चारही कडक टोकाची निघाली, बारीक भोक पाडून आरपार जाणारी.

"वरचं मला दाखवायला होतं का?"

"अरे, कडक गोळीनेही मरतोच की."

"मरते, पण सावकाश. भिंतीवर लावायला त्याचं कातडं शाबूत राहते. माझं राहत नाही."

"भित्रा आहेस. बस इथेच." साहेबाने तीच काडतुसं परत भरली आणि एकटाच निघाला.

दसरू खरंच बसला. तंबाखू मळत त्याच्या पाठीकडे पाहत राहिला.

तीन पावलं.

सात.

अकराव्या पावलाला गवत छातीला लागलं. बिबट्याची चाहूल लागून झाडावरचं वानर एकदम खाकरलं. साहेब थांबला, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही. तिथेच गुडघा टेकून त्याने रायफलमधली काडतुसं काढून टाकली आणि पट्ट्यातली मऊ टोकाची काडतुसं एकेक करून आत भरली.

दसरू तंबाखू झटकून उठला.

"आता होतो मी पुढं, जी."