उभं नाणं

ते सहा सिलिंडरच्या ट्रकचं मॉडेल तुम्ही कंपनीवाल्यांनी बंद केलंत. जाहिरातीत म्हणालात, काळ बदलला. सुटे भागही बंद केलेत, ते मात्र कुठे म्हणाला नाहीत. ते तुमच्या काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं. आता या इकडे, गॅरेजात उभे राहा आणि बघा.

दोन ट्रक समोरासमोर उभे होते. एकच मॉडेल, एकसारखी लांब नाकं, मालक दोघे सख्खे भाऊ. थोरल्याच्या गाडीचा गिअरबॉक्स गेला होता, धाकट्याच्या गाडीचा टर्बो तडकला होता. दोन्ही इंजिनं ठणठणीत. गिअरबॉक्स कुठे मिळत नव्हता, टर्बो कुठे मिळत नव्हता.

मिस्त्रीने हात पुसत सरळ सांगितलं, "दोन्हींतून मिळून एक गाडी उभी करून देतो. दुसरी कापायची. कुठली, ते तुम्ही ठरवा. ते पाप माझ्या माथी नको."

ज्याची कापली जाईल त्याने दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून चढायचं, हे न बोलताच ठरलेलं होतं. म्हणून तर दोघेही आपापल्या गाडीला टेकून जमिनीकडे बघत होते.

बाकीचे मात्र बोलत सुटले होते. सहा सिलिंडरचा विषय निघाला की या गॅरेजात हातातले पाने खाली पडतात.

"असं इंजिन पुन्हा होणे नाही," टायरवाला म्हणाला. "चढावर याच्या टर्बोची शिट्टी ऐकली की पुढचा निमूट बाजू देतो."

"शिट्टीने पोट भरतं का?" हा नवीन चार सिलिंडरचा ट्रक घेतलेला गडी. तेव्हापासून सगळे त्याला चारचौघे म्हणायचे. "माझी तेवढाच माल ओढते, आणि डिझेल तुमच्यासारखं ढोसत नाही."

"तुझी शिंकली तरी लॅपटॉपवाल्याला बोलवावं लागतं!"

"बोलावला की येतो तरी. तुमच्या गाडीला कोण येतंय?"

टायरवाल्याने उत्तर म्हणून खिशातून नाणं काढलं.

ही इथली जुनी खोड. इंजिन चालू करायचं आणि त्याच्या माथ्यावरच्या, हेडच्या झाकणावर नाणं कडेवर उभं करायचं. सहाच्या सहा सिलिंडर एका लयीत चालत असतील तर नाणं जागचं हलत नाही. आजवर यावर नुसत्या पैजा लागल्या होत्या. आज टायरवाला म्हणाला, "ज्याचं नाणं पडेल त्याची गाडी कापा. इंजिनलाच बोलू दे."

"काय पोरखेळ लावलाय?" मिस्त्री खेकसला. पण दोन्ही भावांनी, एकमेकांकडे न बघता, माना हलवल्या. 'तुझी काप' असं स्वतःच्या तोंडाने म्हणण्यापेक्षा हे सोपं होतं.

आधी धाकट्याची गाडी. काळा धूर ओकत सुरू झाली, मग लयीत आली. मिस्त्रीने नाणं ठेवलं, बोटं काढून घेतली. नाणं उभं. टाळ्या पडल्या. चारचौघेसुद्धा पुढे सरकला आणि "च्यायला!" म्हणाला.

मग थोरल्याची. नाणं ठेवलं. तेही उभं. जणू झाकणातूनच उगवलं होतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. टायरवाला झाकणाकडे बोट दाखवत ओरडला, "बघा! हे बंद केलं त्यांनी! हे!" कुणीतरी फोन काढून शूटिंग करायला लागलं. नाणं कशासाठी ठेवलंय, ते सगळे विसरले.

दोघे विसरले नव्हते.

थोरला श्वास रोखून नाण्याकडे बघत होता. धाकटा त्याच्या शेजारी येऊन बॉनेटखाली वाकला, नीट दिसावं म्हणून वाकावं तसा. त्याचा हात खाली गेला, डिझेल पंपापाशी, जिथे अॅक्सिलरेटरचा दांडा येतो. एका बोटाने त्याने तो दांडा ओढला. किंचित.

इंजिनाने एक हुंकार दिला. नाणं थरथरलं, आडवं झालं, घरंगळून खाली तेलात पडलं.

वळणापलीकडची गाडी कुणाची आहे, ते नुसत्या आवाजावरून सांगणारी ही माणसं. पण तो हुंकार कुणालाच ऐकू आला नाही. म्हणजे, तसं सगळ्यांनी ठरवलं. मिस्त्री पाने शोधायला लागला. टायरवाल्याने आपलं नाणंही उचललं नाही.

"पडलं," थोरला म्हणाला.

"दादा..."

"पडलं म्हटलं ना. मिस्त्री, लावा कटर."

त्याने आपल्या केबिनमध्ये चढून इंजिन बंद केलं आणि सीटखालचं फडकं काढलं. दुसरं काही घेतलं नाही. मग समोर जाऊन धाकट्याच्या गाडीच्या बंपरवर चढला आणि तिची पुढची काच पुसायला लागला. वरून खाली, दाबून.

"दादा, राहू दे ना."

"गाडी कुणाची?" थोरल्याने हात थांबवला नाही. "मालकाने आत बसायचं."

धाकटा आत जाऊन बसला. मागे कटर सुरू झाला. काचेच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला फडकं. ते त्याच्या तोंडासमोरून पुन्हा पुन्हा फिरत राहिलं.

दांडा ओढणारं बोट आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ते दांड्यापर्यंत कुणी नेऊन ठेवलं, ते तुम्ही सांगा. काळ बदलला, हे पुन्हा ऐकवू नका. काळाला बोटं नसतात. नाव सांगा.