राखेचं घमेलं

बोअर मारणाऱ्या गाड्या हल्ली माझ्या वेल्डिंगच्या दुकानावरून हॉर्न वाजवत पुढे जातात आणि धाकट्या भावाच्या शेडपुढे थांबतात. खडक फोडणारं बिट तेच, वेल्डिंगही तेच. पण मी दुरुस्त केलेलं काळ्या पाषाणात तडकतं, त्याचं टिकतं. “हाताला गुण आहे हो तुमच्या भावाच्या,” असं परवा एक ड्रायव्हर माझ्याच बाकावर बसून, माझाच चहा पीत म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

न राहवून भावाच्या शेडवर गेलो. त्याने लालबुंद बिट चिमट्यात धरून राखेने भरलेल्या पिंपात पुरलं.

“पाण्यात नाही बुडवत?”

“नाही दादा. एकदम गार केलं की तडा जातो. राखेत सावकाश निवतं, म्हणून टिकतं. तूही करून बघ.”

मला शिकवतोय! तेवढ्यात पिंपाशेजारचं घमेलं दिसलं. काठ चेपलेलं, आमच्या घरचं. माझ्याच चुलीतली राख आई रोज याला पोचवत होती.

धुराने डोळे चुरचुरतात, गॅस आण, म्हणून आई कधीची मागे लागली होती. मी दुसऱ्याच दिवशी आणला. स्वतःच्या हाताने चूल फोडली आणि राखेसकट उकिरड्यावर टाकली.

आईने डोळ्यांना पदर लावला. माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, “धाकट्याला सांगते आता. बघ म्हणावं, थोरल्याला माझ्या डोळ्यांची किती काळजी.”