जावांचा काय?

"मेंढरांचा कळप, पाखरांचा थवा. मग सासवांचा काय?" प्रौढ वर्गाच्या बाईंनी विचारलं.

"पहारा!" मी ओरडले. देवळातला सगळा वर्ग हसला. साठी उलटल्यावर अक्षरं गिरवायला बसले होते, आता कोणाला भिणार?

"नवऱ्यांचा?"

"अड्डा!" पारावरच्या म्हाताऱ्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं.

"आणि जावांचा?"

सगळ्यांच्या माना वळल्या. सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला माझी धाकटी जाऊ सगुणा बसली होती. घराची वाटणी झाली तेव्हा पंचांनी तिला पाटा दिला आणि मला वरवंटा. दोघींनीही आपलं सोडलं नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं आणि दोन्ही घरांत विकतची चटणी येत होती. मला मात्र तिच्या बोलण्याची फार सवय होती.

"जावांचा तंटा," मी तिच्याकडे बघत म्हटलं.

"तंट्याला बोलावं लागतं, आक्का," पाटीवरची नजर न काढता ती म्हणाली. "जावांचा मूक मोर्चा."

आधी मीच हसले. मग तिच्या मांडीवरची पाटी हलायला लागली.

सकाळी मी ओट्यावर खोबरं, लसूण, मिरच्या मांडल्या आणि वरवंटा धुऊन ठेवला. ती येणार हे मला ठाऊकच होतं. आली, तर डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पाटा.

"हात लावा की, आक्का. मोर्चा दमलाय."