कपाटातला चेंडू

ऐन अंतिम सामन्यात बास्केटबॉल फुटला आणि विद्यापीठाच्या कप्तानाने संघाची पिशवी उपसली. दुसरा धड चेंडू नव्हताच. क्रीडासंचालकाने सगळा निधी संघाचा इतिहास मांडायच्या काचेच्या कपाटावर उधळला होता. कपाटात पहिल्या विजेत्या संघाच्या सह्यांचा चेंडू होता. "पाच मिनिटांत चेंडू द्या, नाहीतर हरलात," पंच म्हणाले. "इतिहासाला हात लावायचा नाही!" संचालक कडाडला. कप्तान कपाटाचं दार उघडता उघडता थांबला. चेंडूवर त्याच्या बाबांचीही सही होती. घामेजल्या हातांनी ती पुसली जाणार. प्रेक्षकांतून बाबाच ओरडले, "बघतोस काय? काढ!" हवा भरली. पंचांनी तपासायला खांद्यापासून सोडलेला चेंडू कंबरेपर्यंत उसळला; खेळायला चालणार होता. प्रत्येक टप्प्याला एकेक नाव विरत गेलं. सामनाही गेला. "कप गेला, तुमची सहीही," कोऱ्या चेंडूकडे पाहत कप्तान पुटपुटला. बाबांनी पेन काढलं. "मग जागा झाली ना? कर सही."