विरघळलं की संपलं

धाकूदादांची उभी हयात डोंबिवलीतल्या रंगाच्या कंपनीत गेली. उरलेलं लाल पाणी नाल्यात सोडायचा व्हॉल्व्ह त्यांच्याच हातात, आणि नाला थेट खाडीत. लहानपणी लेकीने, जागृतीने, एकदा विचारलं होतं, "बाबा, मासे नाही मरत?" तेव्हा त्यांनी पेलाभर पाण्यात साखर टाकून ढवळली. "दिसते का आता? विरघळलं की संपलं!"

पुढे जागृती विज्ञानाची शिक्षिका झाली. विरघळलेलं दिसत नाही, पण पाण्यातच राहतं, हे बाबांना सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला. "अगं, एवढी मोठी खाडी आहे," म्हणून ते हसायचे. तिला पाण्यापेक्षा त्या हसण्याचीच किळस यायची.

परवा शेजाऱ्यांच्या अस्थी खाडीत सोडून धाकूदादा घरी आले. नाकावरचा रुमाल अजून तसाच. दारातच त्यांनी साबण मागितला. जागृती पाणी ओतत राहिली आणि ते तीन-तीनदा पाय चोळत राहिले.



"शी! माझ्या अस्थी त्या घाणीत नको हां टाकूस, जागू. सरळ नाशिकला ने मला."